जळजळ: आम्ल जास्त की जागा चुकलेली?

छातीत जळजळ झाली की आपण ‘पित्त झाले’ म्हणतो. आयुर्वेदातील पित्ताची कल्पना वेगळी आहे. पण वर्गात पचनसंस्था शिकवताना हा शब्द घोटाळा करतो. पाठ्यपुस्तकातला पित्तरस यकृतात तयार होतो आणि तो आम्लारिधर्मी असतो. घशाशी येणारे आंबट पाणी असते ते जठरातले.

त्यातले आम्ल कोणते, हे लंडनचे वैद्य विल्यम प्राउट यांनी डिसेंबर १८२३ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडले: हायड्रोक्लोरिक. ज्याने जस्त विरघळते ते आम्ल आपल्या पोटात? वाद पुढे अनेक वर्षे चालला.

दरम्यान अमेरिकेत एक विलक्षण योग जुळून आला. जून १८२२ मध्ये ॲलेक्सिस सेंट मार्टिन या तरुण हमालाला चुकून बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, पण जखम भरताना जठरात उघडणारे एक छिद्र कायमचे राहिले. लष्करी शल्यवैद्य विल्यम बोमाँट रेशमी दोऱ्याला मांसाचे तुकडे बांधून त्यातून आत सोडत, ठरावीक वेळाने ओढून पाहत. १८३३ साली त्यांनी असे २३८ प्रयोग प्रसिद्ध केले. नाव बोमाँट यांचे झाले. दोरा सहन करणारा मात्र त्यांचा करारबद्ध नोकर होता, हेही विद्यार्थ्यांना सांगावे.

जठराचे रसायन असे उलगडले, तरी जळजळीचे कोडे शंभर वर्षे तसेच राहिले. १९३५ साली न्यूयॉर्कच्या ॲशर विंकलस्टाईन यांनी पाच रुग्णांवरून सुचवले, की वर चढलेला जाठररसच अन्ननलिकेचा दाह करतो. जठराला श्लेष्मल थराचे संरक्षण असते, तसे अन्ननलिकेला नसते. १९५६ मध्ये दाब मोजून दिसले, की अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचा स्नायू एरवी आवळलेला असतो. १९८० च्या सुमारास आणखी एक गोष्ट उघड झाली: गिळण्याची क्रिया नसतानाही हा स्नायू मधूनच सैल पडतो. अनेक रुग्णांत आम्ल जास्त नसतेच. दार नको तेव्हा उघडते.

खाण्याचा सोडा आम्ल मारतो खरा, पण लिंबाच्या रसात तो टाकला की काय होते ते आपण वर्गात दाखवतोच. तोच वायू पोट फुगवतो आणि फुगलेले पोट ते दार उघडायला लावते! १९७६ साली आलेले सिमेटिडीन आणि १९८० च्या दशकाअखेरीस आलेले ओमेप्रॅझोल आम्ल कमी करतात, स्नायू घट्ट करत नाहीत. म्हणून रात्री बेताने जेवणे, जेवणानंतर दोन-तीन तास आडवे न होणे, वाढलेले वजन उतरवणे, तंबाखू सोडणे यांचे महत्त्व औषधे आल्यावरही टिकून आहे. पलंगाच्या उशाकडील पायांखाली विटा ठेवाव्यात. नुसत्या उशा वाढवल्या तर पोट दुमडते.

गिळताना अन्न अडकत असेल, वजन आपोआप घटत असेल किंवा शौचाला डांबरासारखे काळे होत असेल तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब नको. आणि छातीवर दडपण येऊन घाम फुटला, कळ हातात किंवा जबड्यात गेली, तर सोड्याची बाटली शोधू नये. थेट रुग्णालय गाठावे.