तिथीवरून भरतीची वेळ

मुंबईत अपोलो बंदरावर भरती मोजायचं यंत्र १८७८ साली आलं. त्याआधीपासून आम्हा कोळ्यांचा हिशेब तिथीवर. पक्ष कुठलाही असो, तिथीची पाऊणपट करायची: चतुर्थीला सुमारे तीन वाजता भरती, अष्टमीला सहा वाजता. पुढे सहा तासांनी ओहोटी.

खुंटाला बांधलेलं डोल जाळं पाण्याच्या ओढीवर भरतं. म्हणून अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला बोंबील, जवळा जास्त. अष्टमीच्या भांगाला ओढ मंद, जाळं हलकं.

होडी कधी परतणार हे कळलं, तरच आम्हा बायकांना वाळवण आणि बाजार जुळवता येतो. भांगात चूल पेटायची ती उधाणात सुकवलेल्या मासळीवर. आज भरतीचे तक्ते मोबाईलवर मिळतात. तरी पाऊणपटीचा हिशेब लेकीसुनांना शिकवूया.