राष्ट्रपती भवन, नवी दिल्ली

भारताच्या राष्ट्रपतींचे अधिकृत निवासस्थान व कार्यालय. रायसीना टेकडीवर, कर्तव्यपथाच्या (पूर्वीचा राजपथ) पश्चिम टोकास. परिसर सुमारे ३३० एकर, दालने ३४०.

१२ डिसेंबर १९११ रोजी दिल्ली दरबारात पंचम जॉर्जने राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस हलविण्याची घोषणा केली. त्यानंतर व्हाइसरॉयच्या प्रासादाचे, म्हणजे आजच्या राष्ट्रपती भवनाचे, काम वास्तुविशारद एडविन ल्युटेन्सकडे, तर त्याच्या पुढ्यातील सचिवालयाच्या दोन इमारतींचे हर्बर्ट बेकरकडे आले. त्यासाठी रायसीना व मालचा या गावांच्या जमिनी घेण्यात आल्या. मुख्य अभियंता ह्यू कीलिंग होता. मधे पहिले महायुद्ध आल्याने बांधकाम रेंगाळले आणि १९२९ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन येथे राहावयास आला.

ल्युटेन्सला भारतीय वास्तुकलेविषयी आदर नव्हता. तरीही मुख्य घुमट सांचीच्या स्तूपाची आठवण देतो, त्याखालील कठडाही तेथलाच वाटतो; छज्जे, छत्र्या, जाळ्या व दगडी हत्ती जागोजागी आहेत. स्तंभशीर्षांवर कोरीव घंटा असून या स्तंभप्रकारास ‘दिल्ली ऑर्डर’ म्हणतात. घंटा दगडाच्या, म्हणजे कधीच न वाजणाऱ्या. त्या मुक्या आहेत तोवर राज्य टिकेल, अशी आख्यायिका आहे. खालचा भाग तांबड्या व वरचा फिक्या पिवळसर वालुकाश्माचा आहे. प्रांगणातील जयपूर स्तंभ (१४५ फूट) महाराजा माधोसिंह यांची देणगी. त्याच्या टोकाशी ब्राँझचे कमळ व काचेची षट्कोनी तारका आहे.

भवनाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या चढावरून ल्युटेन्स व बेकर यांचे बिनसले. टेकडीच्या पायथ्याच्या विजय चौकातून पाहता इमारत टेकडीआड जाते व घुमटच काय तो दिसतो. चढ बदलण्याची ल्युटेन्सची मागणी खर्चाच्या कारणाने फेटाळली गेली. दोष आजही तसाच आहे.

घुमटाखालील दरबार हॉलमध्ये (जुलै २०२४ पासून गणतंत्र मंडप) पाचव्या शतकातील बुद्धमूर्ती आहे. रामपुर्वा येथील अशोककालीन वृषभशीर्षही भवनातच ठेवलेले आहे. अशोक हॉल (आता अशोक मंडप) हे मूळचे नृत्यगृह. त्याच्या छतावर इराणच्या फतह अली शाहच्या शिकारीचे चित्र आहे.

फेब्रुवारी १९३१ मध्ये गांधीजी भवनाच्या पायऱ्या चढून आयर्विनला भेटले. चर्चिलला ते फार झोंबले. ५ मार्चला गांधी–आयर्विन करार झाला. ज्या सत्तेच्या चिरस्थायित्वासाठी हा प्रासाद उभारला, तिला तो जेमतेम अठरा वर्षे लाभला. वास्तव्य केलेले व्हाइसरॉय पाच. १५ ऑगस्ट १९४७ रोजी नेहरू मंत्रिमंडळाचा व २६ जानेवारी १९५० रोजी राजेंद्रप्रसाद यांचा शपथविधी दरबार हॉलमध्येच झाला. राजगोपालाचारी यांनी गव्हर्नर जनरल असताना व्हाइसरॉयची प्रशस्त दालने सोडून लहान खोल्या पसंत केल्या. प्रतिभाताई पाटील (२००७–१२) या येथे राहिलेल्या पहिल्या महिला राष्ट्रपती.

मोगल उद्यान (क्षेत्र १५ एकर) विल्यम मस्टोने लावले. जानेवारी २०२३ पासून अमृत उद्यान. वसंत ऋतूत लोकांसाठी खुले.

आवारात कर्मचारी वसाहत, शाळा, टपाल कार्यालय. जुन्या तबेल्यांत संग्रहालय (२०१४). राष्ट्रपतींची अन्य निवासस्थाने : मशोबरा (सिमल्याजवळ), बोलारम (हैदराबाद).