चार तारांची खतावणी

स्वयंपाकाचा ओटा बांधणारा गवंडी स्वतः कधी स्वयंपाक करत नाही, हे ओट्याच्या उंचीवरूनच कळतं. बँकेचे फॉर्म तयार करणाऱ्या साहेबांनी जन्मात एकही फॉर्म भरलेला नसतो. 'संपूर्ण नाव'साठी दीड इंच जागा आणि 'केवळ कार्यालयीन उपयोगासाठी' अर्धं पान, हा त्याचा पुरावा. एकाने वस्तू बनवायची आणि दुसऱ्याने ती वापरताना निमूटपणे वाकायचं, अशी जगाची रीतच आहे.

या रीतीला एक सणसणीत अपवाद आहे, तो म्हणजे बेस गिटार. ज्या गृहस्थाने ती बाजारात आणली, त्याला गिटार वाजवता येत नव्हती. पण वाजवणाऱ्यांनी त्याचं नाव आजतागायत कृतज्ञतेनं घेतलं आहे. आणि हा गृहस्थ मूळचा (हे लिहिताना माझी कॉलर आपोआप ताठ होते आहे) चक्क हिशेबनीस होता!

लिओ फेंडर हे त्याचं नाव. जन्म १९०९ सालचा, मुक्काम कॅलिफोर्निया. कॉलेजात शिकला अकाउंटन्सी, पण जीव सगळा रेडिओत. मंदीच्या लाटेत हिशेबाची नोकरी गेली, तेव्हा १९३८ साली फुलर्टन गावात त्याने रेडिओ दुरुस्तीचं दुकान थाटलं. दुकानात वाजवणारे लोक आपले बिघडलेले अ‍ॅम्प्लिफायर घेऊन येत आणि दुरुस्ती होईपर्यंत गाऱ्हाणी सांगत बसत. फेंडर मुकाट्याने ऐके. काउंटरपलीकडच्या माणसाची तक्रार शेवटपर्यंत ऐकून घेणं ही एक दुर्मीळ विद्या आहे. ती ज्याला साधली त्याच्या हातून शोध लागणारच.

त्यातलं एक गाऱ्हाणं उभ्या बेसवाल्यांचं होतं. वाद्यवृंदात खालचे सूर धरणारा हा उभा बेस म्हणजे व्हायोलिनच्या कुळातला कुंभकर्ण. उंची माणसापेक्षा जास्त. तो गाडीत मावत नसे, म्हणून टपावर बांधून न्यायचा. गिटारवाला पेटी उचलून मुलींशी गप्पा मारायला मोकळा, आणि बेसवाला अजून दोरीच्या गाठी सोडतोय! शिवाय त्याला सतारीसारखे पडदे नसतात. बोट केसभर सरकलं की सूर घसरला. एवढं करून शेजारी ड्रम आणि विजेची गिटार गर्जत असताना बेस ऐकू कुणाला येणार?

फेंडरने १९५१ साली या सगळ्या तक्रारी एकदम निकालात काढल्या. भरीव लाकडाची, गळ्यात पट्ट्याने अडकवायची, चार तारांची, वीस पडद्यांची, वाजणारी तार चौतीस इंच लांब अशी विजेवरची बेस गिटार त्याने बाजारात आणली. सूर उभ्या बेसचेच, म्हणजे गिटारच्या खालच्या चार तारांच्याही एक सप्तक खाली. सगळ्यात जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा थरथरते, म्हणजे ती कानापेक्षा पोटालाच आधी ऐकू येते. पडद्यांमुळे सूर अचूक लागतो, म्हणून नाव ठेवलं 'प्रिसिजन बेस'. कलावंताने 'स्वप्न' किंवा 'मंदाकिनी' असं काहीतरी ठेवलं असतं. 'अचूक' हे नाव फक्त ज्याने ताळेबंद जुळवलाय त्यालाच सुचतं.

आता, इतिहासाचा हिशेब चोख हवा. सिएटलच्या पॉल टटमार्क नावाच्या वादकाने त्याआधी, १९३०च्या दशकातच, पडदे असलेली विजेवरची बेस बनवली होती. पण ती फारशी खपली नाही. शोध लावणं आणि शोध खपवणं ही दोन वेगळी खाती आहेत, हे कॉमर्सच्या पहिल्या वर्षातच शिकवतात.

सुरुवातीला लोक गोंधळले. लायनेल हॅम्प्टनच्या जॅझ बँडमध्ये हे वाद्य आलं, तेव्हा एका समीक्षकाने १९५२ साली आश्चर्याने लिहिलं की रंगमंचावर बेसवाला तर कुठेच दिसत नाही, आणि बेस मात्र ऐकू येतोय! माझ्या मते बेसवाल्याच्या पुढच्या साऱ्या आयुष्याची कुंडली त्या दिवशीच मांडली गेली. काम ऐकू येणार, पण माणूस दिसणार नाही.

प्रत्येक शाखेत असा एक माणूस असतो. तो काय करतो ते कुणाला नीट सांगता येत नाही. पण तो चार दिवस रजेवर गेला की कॅश टॅली होत नाही, शिक्के सापडत नाहीत आणि मॅनेजरसाहेब शिपायावर ओरडतात. बेसचंही तसंच. वर पियानोवर सा-ग-प असे तीन सूर वाजताहेत समजा. खाली बेसवाल्याने सा धरला तर ती मंगलाष्टकं. वरचं काहीही न बदलता त्याने खाली मंद्रातला ध धरला, की झाली पाठवणी! श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी येतं आणि टाळ्या पियानोवाल्याला मिळतात.

म्हणून ही जागा कुणालाच नको असते. १९६१ साली हँबुर्गमध्ये बीटल्सच्या बेसवाल्याने बँड सोडला, तेव्हा ते काम पॉल मॅकार्टनीच्या गळ्यात पडलं. दुसरं कुणी तयार नव्हतं, हे पुढे त्याने स्वतःच सांगितलंय. फेंडर परवडेना, म्हणून त्याने सुमारे तीस पौंडांत व्हायोलिनच्या आकाराची होफ्नर घेतली. दोन्ही बाजू सारख्या असल्याने डावखुऱ्याच्या हातात ती उलटी दिसत नाही, हा जादा फायदा. आळीतल्या क्रिकेटमध्येही जो विकेटकीपर होतो, तो हौसेनं थोडाच होतो? पण एकदा ग्लोव्हज चढवल्यावर सगळा खेळ सर्वांत जवळून त्यालाच दिसतो.

दोन बेसवाले भेटले की राजकारण, महागाई यांवर बोलत नाहीत. ते तारांवर बोलतात. चपट्या गुंडाळीच्या बऱ्या की गोल? बोटांनी वाजवावं की नखीने? नव्या तारांचा खणखणीतपणा चांगला की जुन्यांचा मुरलेपणा? लोणच्याबद्दल आमच्या घरी होते तशीच ही चर्चा, आणि निकालही तितकाच लागतो. मात्र शेवटी दोघांपैकी एकजण हमखास म्हणतो, "अहो, पण जेमरसन तारा कधी बदलतच नव्हता!" मग दोघे क्षणभर गप्प होतात.

जेम्स जेमरसनचा जन्म १९३६चा. डेट्रॉइटच्या शाळेत तो उभा बेस शिकला. त्याच गावात बेरी गॉर्डीने १९५९ साली मोटाऊन ही रेकॉर्ड कंपनी काढली, तीही घरच्या मंडळींच्या भिशीवजा फंडातून आठशे डॉलर कर्ज घेऊन. (आमच्या बँकेने हे प्रकरण नक्की 'कागदपत्रं अपुरी' म्हणून परत केलं असतं.) तिथल्या छोट्या, कोंदट स्टुडिओत जेमरसन आपली १९६२ सालची प्रिसिजन बेस घेऊन बसे. उजव्या हाताची एकटी तर्जनी वापरून वाजवी आणि तार तुटल्याशिवाय बदलत नसे. त्या एका बोटाच्या तालावर अर्धी अमेरिका नाचली.

पण त्या अर्ध्या अमेरिकेला त्याचं नाव ठाऊक नव्हतं, कारण रेकॉर्डच्या वेष्टनावर वादकांची नावं छापायची कंपनीची पद्धतच नव्हती. गाणारा, लिहिणारा, विकणारा अशी सगळ्यांची नावं जमेला आणि वाजवणारे 'किरकोळ खर्च'! मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'च्या वेळी त्याला रात्री कुठल्याशा क्लबातून शोधून आणलं. त्याला धड बसता येईना, म्हणून त्याने जमिनीवर उताणं पडून वाजवलं, असं सांगतात. १९७१ साली ती रेकॉर्ड निघाली आणि वेष्टनावर इतक्या वर्षांनी त्याचं नाव आलं, तेही 'अतुलनीय' या विशेषणासकट.

पुढच्याच वर्षी कंपनीने बिऱ्हाड लॉस एंजेलिसला हलवलं. जेमरसनही मागोमाग गेला, पण तिथे त्याचा जम बसला नाही. दारूनेही आपला हप्ता वसूल केला. १९८३च्या मार्चमध्ये कंपनीच्या पंचविशीचा थाटाचा सोहळा झाला, त्याचं त्याला आमंत्रण नव्हतं. तिकीट काढून तो मागे बसला होता, असं म्हणतात. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो गेला, अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. जाण्याच्या थोडे दिवस आधी त्याची ती बेसही चोरीला गेली होती. २००० साली रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागलं. आमच्याकडे पेन्शनची थकबाकी बऱ्याचदा अशीच, वारसांच्या खात्यात जमा होते.

हे सगळं अमेरिकेतच घडतं असं समजू नका. मुंबईच्या सिनेसंगीतात गोव्याहून आलेल्या कितीतरी वादकांनी जन्म घालवला. पडद्यावर नाव यायचं ते संगीतकाराचं. राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांत ज्यांच्या बेसवर आपण पाय हलवला, त्या टोनी वाझ यांचं नाव किती जणांनी ऐकलंय? पाय मात्र प्रत्येकाने हलवला!

मॅकार्टनीची ती तीस पौंडांची होफ्नरसुद्धा १९७२ साली चोरीला गेली होती. तिच्यासाठी पुढे शोधमोहीम निघाली, वर्तमानपत्रांत छापून आलं आणि ती मालकाला परत मिळाल्याचं २०२४ साली जाहीर झालं. पन्नासाहून जास्त वर्षं 'सस्पेन्स' खात्यात पडलेली नोंद अखेर जुळली, याचा कारकून म्हणून मला मनापासून आनंद झाला. पण जेमरसनच्या बेसची नोंद जुळल्याचं काही वाचनात आलं नाही.

तेव्हा यंदा गणपतीत ऑर्केस्ट्रा ऐकायला गेलात, की एक करा. निवेदक गायकाची, ढोलकीवाल्याची, झालंच तर लाइटवाल्याचीही ओळख करून देईल. मागच्या बाजूला, स्पीकरला खेटून, चार तारांशी काहीतरी हळूच करत असलेला एक इसम दिसेल. मध्यंतरात चहाच्या टपरीवर त्याला गाठा आणि नाव विचारा. बहुतेक तो दचकेल. तक्रार आलीय असंच त्याला वाटेल.