तुरटीचा टँकर आणि चुकीची टाकी

पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की हंड्यात तुरटी फिरवायची, हे तुमच्यापैकी अनेकांनी आजीकडून पाहिलं असेल. शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रातही तुरटीच्याच कुळातलं ॲल्युमिनियम सल्फेट वापरतात. त्याने मातीचे कण एकत्र येऊन तळाशी बसतात, मग पाणी गाळलं जातं आणि बहुतेक ॲल्युमिनियम गाळाबरोबरच निघून जातं. हा गाळण्याचा टप्पा लक्षात ठेवा.

६ जुलै १९८८. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये, कॅमलफर्ड गावाजवळच्या लोअरमूर केंद्रावर या रसायनाचं २० टन द्रावण घेऊन टँकर आला. चालक बदलीवर होता, केंद्रावर दुसरं कोणीच नव्हतं. हातातल्या किल्लीने कुलूप उघडलं, म्हणजे टाकी हीच, असं समजून त्याने टँकर रिकामा केला. पण ती रसायन साठवायची टाकी नव्हती. तिच्यात गाळून तयार झालेलं, नळांकडे निघालेलं पाणी होतं!

सुमारे २०,००० लोकांना ते पाणी मिळालं. पाणी इतकं आम्लधर्मी झालं की त्याने पाइपांतलं तांबंही विरघळवलं. जुलाब, उलट्या, तोंडात फोड, अंगावर पुरळ अशा तक्रारी सुरू झाल्या. काहींचे केस तांब्यामुळे हिरवट झाले. पुरवठादार मात्र पाणी सुरक्षित असल्याचं सांगत राहिले. चव जाण्यासाठी फळांच्या रसात मिसळा, असा सल्लाही दिला गेला. नेमकं काय घडलं हे लोकांना जाहीरपणे कळायला दोन आठवड्यांहून अधिक काळ गेला.

चालकाला दोष देणं सोपं आहे. पण एकच किल्ली अनेक कुलपांना लागत होती आणि माल उतरवून घ्यायला माणूस नव्हता, ही त्याची चूक नाही. मला डॉक्टर म्हणून ते मौन जास्त खुपतं. पोटात काय गेलंय हेच ठाऊक नसेल, तर समोरच्या रुग्णाला आम्ही काय सांगणार? २०१३ मध्ये ब्रिटिश सरकारने माफी मागितली. त्याच वर्षी तज्ज्ञ समितीने कायमस्वरूपी अपाय झाल्याची शक्यता कमी असल्याचं म्हटलं. अनेक रहिवाशांना ते पटलं नाही.

तुमच्या सोसायटीची टाकी धुवायला माणसं येतील, तेव्हा डब्यांवर काय लिहिलंय ते बघा. ब्लीचिंग पावडर आणि फरशीचं ॲसिड एकत्र आलं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद टाकीत उतरलेल्या माणसाला पळायला जागा नसते.