सारखे कशाला म्हणावे?

७ आणि ००७ या दोन गोष्टी सारख्या की निराळ्या? गणिताच्या मास्तरांना विचारले तर ते म्हणतील, सारख्याच. डावीकडच्या शून्यांना किंमत नाही. हाच प्रश्न बँकेतल्या कारकुनाला विचारा. तो म्हणेल, हे खात्यांचे क्रमांक असतील तर निराळे. एकाचे पैसे दुसऱ्याच्या नावावर जमा करून कसे चालेल? दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी रास्त आहे. माणसामाणसांत यावरून घोटाळा होत नाही, कारण बोलणे कशाविषयी चालले आहे हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते. यंत्राला ते ठाऊक नसते, सांगावे लागते. ते कसे सांगावे या खटपटीचा थोडासा इतिहास आज आपल्यापुढे मांडण्याचा आमचा मानस आहे.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ साली ‘युनिक्स’ या संगणक-प्रणालीचा जन्म झाला. तेथेच १९७७ साली आल्फ्रेड आहो, पीटर वाइनबर्गर आणि ब्रायन कर्निगन या तिघांनी एक छोटी भाषा रचली. तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून तिचे नाव पडले ‘ऑक’. तिचे काम साधे. यादीतली एकेक ओळ घ्यावी, तिचे रकाने पाडावेत, अट तपासावी, आणि अट पुरी झाली तर सांगितलेली कृती करावी. उधारीची वही चाळणारा आपला वाणी याहून वेगळे काय करतो?

अट तपासण्याच्या दोन रीती होत्या. एक नमुन्याची : हा मजकूर अमुक घडणीचा आहे काय? या रीतीचे मूळ तर्कशास्त्रात आहे. स्टीफन क्लीनी या गणितज्ञाने १९५१ साली मज्जातंतूंच्या जाळ्यांचा गणिती विचार करताना अशा नमुन्यांची उपपत्ती बसवली. पुढे १९६८ साली केन टॉम्पसन यांनी यंत्राकडून मजकुरात नमुने शोधून घेण्याची एक युक्ती प्रसिद्ध केली. दुसरी रीत बरोबरीची : हे त्याच्याइतके किंवा त्याच्यासारखे आहे काय? वरवर पाहता हीच सोपी. पण खरी अडचण येथेच होती.

ऑकच्या कर्त्यांनी वापरणाऱ्यावरचा भार हलका केला. रकान्यातला मजकूर आकड्यासारखा दिसला तर तो आकडा समजावा, एरवी अक्षरे समजावीत, असा नियम त्यांनी घातला. म्हणून दोन रकान्यांत ७ आणि ००७ असतील तर ऑक त्यांना सारखेच म्हणते. मात्र आज्ञा लिहिणाऱ्याने आपला ७ अवतरणचिन्हांत घातला, की तुलना अक्षरांची होते आणि उत्तर उलटते. दोन चिन्हांचा काय तो फरक! अक्षरांच्या तुलनेत तर १० हे ९ च्या आधी येते, कारण शब्दकोशाप्रमाणे पहिले अक्षर आधी पाहिले जाते. जाणकार मंडळी यावर तोडगा करतात. अक्षरेच हवी असतील तर मजकुराला रिकामा मजकूर जोडायचा, आणि आकडाच हवा असेल तर त्यात शून्य मिळवायचे. ज्याला हे माहीत नाही, त्याची दोन खाती एक होतात आणि कोणाला पत्ता लागत नाही. यंत्राच्या नियमाप्रमाणे चूक झालेलीच नसते!

१९८७ साली लॅरी वॉल यांनी ‘पर्ल’ ही भाषा काढली आणि दुसरे टोक गाठले. आकड्यांच्या बरोबरीला एक चिन्ह, अक्षरांच्या बरोबरीला दुसरे. कोणते हवे ते लिहिणाऱ्याने सांगावे. व्यवस्था चोख खरी, पण बेसावध माणसाला तीही तारत नाही. आकड्यांचे चिन्ह लावून राम आणि श्याम यांची तुलना केली, तर दोघांची किंमत शून्य धरली जाते आणि राम व श्याम एकच ठरतात!

आता हे घराजवळ आणू. ऑकला आपले देवनागरी अंक आकडे म्हणून ओळखता येत नाहीत; ती त्यांना अक्षरेच समजते. म्हणजे आपल्या लिपीत लिहिलेला दहा नेहमीच नवाच्या आधी! जगातल्या लिप्यांसाठी १९९१ साली ‘युनिकोड’ ही संकेतावली आली, तीत देवनागरीही आहे. पण ‘वऱ्हाड’ शब्दातला तो अर्धा र तीत दोन प्रकारे लिहिता येतो : एकदा नुक्त्याच्या ऱ चा पाय मोडून, एकदा साध्या र चा पाय मोडून व पुढे जोडणीचे अदृश्य चिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही एकच. यंत्र म्हणते, निराळे. ऑकच्या मूळ कर्त्यांपैकी कर्निगन यांनी २०२२ साली, वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावर, आपल्या ऑकला युनिकोडची अक्षरे ओळखायला शिकवले. त्या तळमळीपुढे आम्ही नतमस्तक आहो. तथापि वऱ्हाडचा तिढा त्याने सुटत नाही. तो मजकूर लिहिणाऱ्याने आणि तपासणाऱ्याने आधी एकसारखा करून घ्यावा लागतो.

श्रोतेहो, हा केवळ यंत्रज्ञांचा प्रश्न नव्हे. एखाद्या कऱ्हाडे आडनावाच्या आजीबाई निवृत्तिवेतनासाठी खिडकीपाशी उभ्या राहाव्यात, आणि दोन कागदांवर तेच नाव डोळ्यांना दिसत असताना पलीकडून उत्तर यावे, की ‘नाव जुळत नाही, यंत्र म्हणते.’ असे घडू शकते, आणि त्यात यंत्र खोटे बोललेले नसते. कोणीतरी त्याला बरोबरीची अट घालून दिलेली असते, आणि ती घालताना आजीबाईंचा विचार राहून गेलेला असतो. म्हणून यंत्राचे उत्तर ऐकल्यावर आपण एक प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी : कोणत्या अर्थाने सारखे, आणि ते कोणी ठरवले? पन्नास वर्षांच्या या इतिहासात यंत्राने हा प्रश्न स्वतः कधी विचारलेला नाही. तो माणसालाच विचारावा लागला आहे.