गीतरत्नातील विवाहप्रतिमा : अर्थनिर्णयाचा इतिहास आणि रायगड जिल्ह्यातील बेने इस्रायल समाजाची साक्ष

प्रस्तावना

आंबेनळी घाट उतरून पोलादपूर, महाड असे सावित्रीच्या काठाने पश्चिमेकडे गेले की बाणकोटच्या खाडीपाशी समुद्र लागतो. तेथून उत्तरेकडे पसरलेल्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर मराठी मातृभाषा असलेला एक यहुदी समाज शतकानुशतके तेलघाण्याचा व्यवसाय करीत राहिला. शब्बाथ पाळण्यासाठी शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या या लोकांना आसपासचे गावकरी ‘शनिवार तेली’ म्हणत. ते स्वतःला बेने इस्रायल म्हणवितात आणि आपले पूर्वज अलिबागजवळील नवगाव येथे फुटलेल्या गलबतातून वाचले असे सांगतात. या समाजाच्या विवाहात वधू प्रार्थनालयात प्रवेश करू लागली की वर तिला उद्देशून एक हिब्रू गीत गातो. ‘माझी कबुतरी’ हे त्यातील आरंभीचे संबोधन बायबलच्या जुन्या करारातील ‘गीतरत्न’ या प्रेमकाव्यातून आलेले आहे.

गीतरत्नातील विवाहाच्या प्रतिमा प्रत्यक्ष लग्नाच्या मानाव्यात की ईश्वर आणि भक्त यांच्या संबंधाचे रूपक मानाव्यात, हा वाद सुमारे दोन हजार वर्षे चालू आहे. या वादात ग्रंथांची साक्ष भरपूर काढली गेली. गाणाऱ्या समाजांची साक्ष मात्र फारशी घेतली गेली नाही. प्रस्तुत लेखात ती मराठी प्रदेशातून घेण्याचा प्रयत्न केला आहे.

संहितेत विवाह कोठे आहे?

या काव्याचे हिब्रू नाव ‘शीर हाश्शिरीम’, म्हणजे गीतांतील गीत, असे आहे. ही हिब्रूतील श्रेष्ठतादर्शक रचना होय. मराठी भाषांतरकारांनी ‘गीतरत्न’ या एकाच समासात ती नेमकी पकडली आहे. काव्याचे अध्याय आठ आणि चरण एकशे सतरा. एवढ्या विस्तारात ‘लग्न’ या अर्थाचा शब्द एकदाच, तिसऱ्या अध्यायाच्या अखेरीस येतो. तेथे सियोनेच्या कन्यांना शलमोन राजाला पाहण्यासाठी बोलावले आहे, आणि त्याच्या मस्तकावर त्याच्या लग्नाच्या दिवशी आईने घातलेला मुकुट आहे. ‘वधू’ हा शब्द सहा वेळा येतो, परंतु ही सहाही स्थळे चौथ्या अध्यायाचा आठवा चरण ते पाचव्या अध्यायाचा पहिला चरण एवढ्या टप्प्यातच आहेत. त्यापूर्वी वधू नाही आणि त्यानंतरही नाही.

या सहा स्थळांपैकी चार ठिकाणी प्रियकर तिला एकाच श्वासात ‘माझी बहीण, माझी वधू’ असे म्हणतो. ‘बहीण’ हा शब्द येथे नात्याचा नसून जिव्हाळ्याचा आहे, याबद्दल अभ्यासकांत दुमत नाही. प्राचीन इजिप्तच्या प्रेमगीतांतही प्रिया ‘बहीण’च आहे. मग त्याला जोडून आलेला ‘वधू’ हा शब्दच तेवढा अक्षरशः का घ्यावा? पुढे आठव्या अध्यायात ती म्हणते की, तू माझा भाऊ असतास तर तुला रस्त्यात चुंबिले तरी कोणी मला नावे ठेवली नसती. पाचव्या अध्यायात रात्री त्याला शोधत फिरणाऱ्या तिला नगराचे पहारेकरी मारतात आणि तिचे वस्त्र हिसकावून घेतात. विवाहितेच्या तोंडी असे शब्द आणि तिच्या वाट्याला असे प्रसंग येणे संभवत नाही. तात्पर्य, विवाह हा या काव्याचा प्रसंग नसून त्यातील एक प्रतिमा आहे. काव्यातील सर्वांत ठळक आवाज स्त्रीचा आहे, आणि हा भेद पुसला गेला की प्रथम दबतो तो हाच आवाज.

रूपकाची परंपरा

रब्बी अकीवा (मृत्यू इ.स. १३५ च्या सुमारास) यांनी सर्व पवित्र लेखनांत गीतरत्नाला परमपवित्र ठरविले. त्यांच्याच नावावरील दुसरे वचन कमी प्रसिद्ध आहे, पण इतिहासाच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे. मेजवानीच्या घरी हे काव्य साध्या गाण्यासारखे आळवणाऱ्याला परलोकात वाटा नाही, असे ते म्हणतात. निषेध करावा लागला याचा अर्थ तसे गाणारे लोक होते. रूपकार्थ शिकविला जात असतानाच हे काव्य लोकांच्या ओठांवर होते.

मिश्ना या ग्रंथात शलमोनाच्या ‘लग्नाच्या दिवसा’चा अर्थ सीनाय पर्वतावर धर्मशास्त्र मिळाल्याचा दिवस असा लावला आहे, आणि त्याच्या हृदयाच्या आनंदाचा दिवस म्हणजे मंदिराची उभारणी. त्याच मिश्नात अन्यत्र एक वेगळी नोंद आढळते. रोमन सम्राट व्हेस्पेशियनच्या काळातील युद्धात वरांचे मुकुट बंद करण्यात आले, पुढील युद्धात वधूंचे मुकुटही बंद झाले आणि शेवटच्या युद्धात वधूने नगरातून पालखीत बसून जाऊ नये असे ठरले. या पालखीसाठी वापरलेला ‘अप्पिर्योन’ हा शब्द गीतरत्नात शलमोनाच्या वाहनासाठी येतो. म्हणजे जे रब्बी मुकुटाचे रूपक उलगडीत होते, त्यांच्या डोळ्यांसमोर खरे मुकुट आणि खऱ्या पालख्या होत्या.

ख्रिस्ती परंपरेत ऑरिजेनने तिसऱ्या शतकात या काव्याला नाट्यरूप विवाहगीत म्हटले, आणि वर म्हणजे ख्रिस्त व वधू म्हणजे ख्रिस्तमंडळी किंवा आत्मा असा अर्थ सांगितला. बाराव्या शतकात क्लेर्व्होचे बर्नार्ड यांनी या काव्यावर शहाऐंशी प्रवचने लिहिली, तरी मृत्यूपर्यंत ते तिसऱ्या अध्यायाच्या आरंभापर्यंतच पोहोचले होते.

दमास्कसचा वकील आणि ‘राजा’

एकोणिसाव्या शतकात वारे पालटले. दमास्कस येथील प्रशियाचे वकील योहान वेट्झस्टाइन यांनी १८७३ साली सीरियातील खेडुतांच्या लग्नाचे वर्णन प्रसिद्ध केले. लग्नानंतर सात दिवस वधूवरांना राजा-राणी मानतात. मळणीची फळी हे त्यांचे सिंहासन असते. वधूच्या अंगप्रत्यंगांचे वर्णन करणारी गाणी म्हटली जातात आणि वधू तलवार घेऊन नाचते. गीतरत्नातील देहवर्णने आणि सातव्या अध्यायातील नृत्य यांच्याशी असलेले साम्य लक्षवेधी होते. या आधारावर कार्ल बुडे यांनी संपूर्ण गीतरत्न हा विवाहगीतांचा संग्रह ठरविला.

हा सिद्धान्त काही काळ फार मान्यता पावला, तरी तो दुबळा आहे. दोन कालखंडांत दोन सहस्रकांहून अधिक अंतर आहे. शिवाय सीरियातील वधू राणी असते, तर गीतरत्नातील नायिकेला एकदाही राणी म्हटलेले नाही. तेथे राण्या आहेत त्या दुसऱ्या, तिची स्तुती करणाऱ्या. वराला राजा म्हणण्यासाठी दमास्कसला जाण्याचे तर मुळीच कारण नव्हते. मराठीत तो ‘वरराजा’ आहे, ‘नवरदेव’ही आहे, आणि बाशिंग बांधलेल्या शेतकऱ्याच्या मुलाला असे म्हणताना कोणी त्याचे राज्य विचारीत नाही.

बुडे यांची खरी चूक वेगळीच होय. लग्नात गायिलेले गीत म्हणजे केवळ लग्नाविषयीचे गीत, असे त्यांनी गृहीत धरले. रूपकवाद्यांनी याच गृहीताची दुसरी बाजू धरली होती.

मराठी साक्ष

हे गृहीत मराठी परंपरेत टिकत नाही. तेराव्या शतकात रिद्धपूर येथे श्रीगोविंदप्रभूंना लग्न करण्याची लहर आली. भक्तांनी त्या सोहळ्याची तयारी केली आणि महदाइसेने कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे गायिले. हे मराठीतील आद्य कवयित्रीचे काव्य. त्याचा प्रसंग लग्नाचा, विषय देवाच्या लग्नाचा, आणि वर म्हणजे भक्तांच्या दृष्टीने साक्षात परमेश्वरावतार. यातील विवाहगीत कोणते आणि भक्तिगीत कोणते, हे वेगळे काढता येत नाही. रायगड-ठाण्याच्या आगरी समाजात धवळे गाऊन लग्न लावणारी धवलारीण ही त्याच गीतप्रकाराची लोकपरंपरा होय.

एकनाथांनी शके १४९३ मध्ये (इ.स. १५७१) वाराणसी येथे ‘रुक्मिणीस्वयंवर’ पूर्ण केले. त्याचे प्रसंग अठरा. रुक्मिणी म्हणजे जीव आणि कृष्ण म्हणजे शिव, हे रूपक त्यात आडून सुचविलेले नाही. ते उघड सांगितलेले आहे. तरीही इच्छित वर मिळावा म्हणून उपवर मुली याच ग्रंथाचे पारायण करीत आल्या आहेत. रब्बी अकीवांनी ज्याचा निषेध केला तशा वापराला मराठी परंपरेने आडकाठी केली नाही. यामुळे ग्रंथाचे पावित्र्य उणावले, असे म्हणण्यास आधार नाही.

पुन्हा किनाऱ्याकडे

बेने इस्रायलांची साक्ष या पार्श्वभूमीवर पाहावयास हवी. त्यांच्यातील हिब्रू उपासना एकोणिसाव्या शतकात नव्याने रुजली. कोचीनचे यहुदी शिक्षक कोकणात आले, आणि स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रूचे व्याकरण प्रसिद्ध केले. विल्सन यांचा हेतू धर्मांतराचा होता. समाजाने व्याकरण घेतले, धर्म आपलाच ठेवला. मुंबईत १७९६ साली आणि अलिबागच्या इस्रायल आळीत १८४८ साली प्रार्थनालय उभे राहिले. हाईम सॅम्युअल केहिमकर यांनी १८९७ साली लिहिलेला समाजाचा इतिहास तेल अवीव येथे १९३७ साली छापला गेला.

विवाहात वर जे ‘माझी कबुतरी’ म्हणतो, त्यातील कबुतरी रब्बींच्या भाष्यपरंपरेत इस्रायलची प्रजा होय. परंतु इस्रायल आळीतील वर ते शब्द समोरून पांढऱ्या वस्त्रात येणाऱ्या एका मुलीकडे पाहून म्हणतो. तिच्या हातांवर मेंदी असते, कारण लग्नाआधीचा मेंदीचा विधी या समाजात आवश्यक मानला जातो. हा विधी शेजाऱ्यांकडून आला असे सामान्यतः समजतात, आणि ते संभवनीय आहे. तथापि गीतरत्नातही मेंदी आहे. पहिल्या अध्यायात प्रियकर हा एन-गेदीच्या मळ्यांतील ‘कोफेर’च्या फुलांचा घोस आहे, आणि कोफेर म्हणजे मेंदी. १६११ च्या इंग्रजी भाषांतरकारांनी त्या जागी कापूर या अर्थाचा शब्द घातला. मेंदी त्यांच्या अंगणात नव्हती.

चौथ्या अध्यायात वधूला बंद बागेची उपमा दिली आहे. त्या बागेत मेंदीशेजारी नेर्द, कर्कोम आणि अहालोत ही सुगंधी द्रव्ये येतात. नेर्द म्हणजे संस्कृतातील नलद. कर्कोम आणि कुंकुम तसेच अहालोत आणि अगुरू यांचाही संबंध अभ्यासक जोडतात. चाइम राबिन यांनी तर १९७३ साली गीतरत्नाचे नाते तमिळ संगमकाव्याशी लावून पाहिले. तो तर्क सिद्ध झालेला नाही. भारतीय द्रव्ये आणि त्यांची नावे व्यापारमार्गाने त्या बागेत पोहोचली, एवढे मात्र निश्चित.

१९४८ नंतर बहुसंख्य बेने इस्रायल कुटुंबे इस्रायलमध्ये स्थायिक झाली आणि जिल्ह्यातील अनेक गावांत आज एकही यहुदी घर उरलेले नाही. तेथे गेलेल्या कुटुंबांतही लग्नापूर्वी मेंदी लावली जाते, मलिदा केला जातो, आणि वर आजही तेच गीत गातो.