पैनगंगेच्या गळाला काय लागेल?

हौशी मासेमारी, म्हणजे पोटासाठी नव्हे तर छंद म्हणून गळ टाकून बसणं, आता आपल्याकडेही पर्यटनाच्या गप्पांत येऊ लागली आहे. मी रिसोडचा. पैनगंगा आमच्या तालुक्यातून वाहते. त्यामुळे 'आपल्या नदीत एखादा मोठा मासा आणून सोडला, तर बाहेरचे शौकीन येतील का हो?' असं मला विचारलं जातं. याचं उत्तर इतिहासात सापडतं.

कर्नल विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या नद्यांतल्या माशांचं वर्णन १८३९ साली लंडनमध्ये प्रसिद्ध केलं. शास्त्रीय नावं देताना त्याने इथल्या लोकांच्या तोंडची मराठी नावंच उचलली. खुद्री, पोटेल, नकटा ही नावं आजही जगभरच्या शास्त्रीय ग्रंथांत आहेत. नकट्याच्या तोंडावर खरोखरच नाक कापल्यासारखी खाच असते!

यातला खुद्री म्हणजे दख्खनचा महासीर. हेन्री थॉमस या मद्रास इलाख्यातल्या अधिकाऱ्याने १८७३ साली गळाच्या मासेमारीवर पुस्तक लिहिलं आणि महासीर हा विलायतेतल्या साल्मनपेक्षाही झुंजार असल्याचं सांगितलं. मग साहेबलोकांना महासीरचं वेडच लागलं. १९४६ साली कावेरीच्या कबिनी या उपनदीत १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा महासीर गळाला लागला. तो विक्रम अजून सांगितला जातो.

पुढे धरणं झाली, सुरुंग लावून आणि पाण्यात विष कालवून मासे मारणंही चालूच राहिलं. त्याला १८९७च्या कायद्याने बंदी होती, पण ती कागदावर. महासीर घटू लागला. तेव्हा १९७०च्या दशकात टाटांच्या वीज कंपनीने लोणावळ्याला, मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांच्या मार्गदर्शनाखाली, खुद्रीची अंडी कृत्रिमरीत्या फलित करून पिल्लं वाढवली. काम मोलाचंच होतं. पण ती पिल्लं कावेरीतही सोडली गेली. तिथे पाठीवर उंचवटा असलेला कावेरीचा स्वतःचा महासीर होता. पाहुणा खुद्री फोफावला आणि घरचा मासा मागे पडत गेला. २०१८ साली संशोधकांनी त्या घरच्या माशाची शास्त्रीय ओळख पक्की केली, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त माशांच्या यादीत गेला. ओळख पटली, तोवर तो संपत आला होता.

आता आपल्या नदीकडे या. पैनगंगा अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावते आणि वर्धा, प्राणहिता या वाटेने गोदावरीला मिळते. पावसाळ्याच्या पहिल्या पुराबरोबर मासे अंडी घालायला वरच्या अंगाला चढतात आणि उन्हाळ्यात डोहात तग धरतात. रिसोडच्या वरच्या अंगाला पेनटाकळीचं धरण आहे, खाली इसापूरचं. मधल्या पात्रातही बॅरेजेस उभी राहिली. शेताला पाणी मिळालं हे खरं, पण माशाची वाट अडली. जलाशयांत जे कटला, रोहू, मृगळ सोडले जातात, ते मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधुरी यांनी कृत्रिम प्रजननाचं तंत्र यशस्वी केलं, म्हणून त्यांचं बीज गावोगाव पोचलं. मच्छीमार संस्थांचा संसार आज त्यावर चालतो.

मग हौशी मासेमारीला वाव आहे का? आहे, पण बाहेरून मासा आणून नव्हे. मरळ आणि दाताळ शिवडा हे आपलेच शिकारी मासे गळाशी चांगली झुंज देतात. मात्र मरळीची जोडी पावसाळ्यात पिल्लांची राखण करते. तेव्हा ती उचलली, तर सगळा थवा इतर माशांच्या तोंडी जातो. म्हणून पावसाळाभर गळ बंद, एरवी धरलेला मासा जिवंत परत पाण्यात, आणि ज्या भोई बांधवांचं पोट या पाण्यावर आहे त्यांची आधी संमती, एवढं तरी पाळावं लागेल.

त्याही आधी एक वही घालावी असं मी सुचवीन. आठवडी बाजारात कोणत्या महिन्यात कोणता मासा येतो, केवढा येतो, भोई त्याला काय म्हणतात, हे शाळेतली मुलंही लिहू शकतील. पावणेदोनशे वर्षांपूर्वी परका माणूस आपल्या माशांची नावं लिहून घेत होता. पैनगंगेची यादी निदान आपण करू. नदीत काय उरलंय ते कळलं, की काय धरायचं आणि काय राखायचं हे ठरवता येईल.